वीतभर पातं

भाचा पहिला मोठा चाकू घ्यायचं म्हणत होता, म्हणून एका ओळखीच्या माणसाकडचे दोन-तीन चाकू आम्ही हातात घेऊन बघत बसलो होतो. त्यातला एक काळाकुट्ट, सहा मिलिमीटरच्या वर जाड, पाठीवर करवतीसारखे दात असलेला. भाच्याने तो उचलला, तळहातावर वर-खाली करून बघितला आणि एकदम खूश होऊन म्हणाला, "मावशी, बघ ना कसला जड आहे, म्हणजे मजबूत असणार!" मी नुसतं "हं" म्हटलं आणि गप्पा दुसरीकडे गेल्या. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. साफ चुकीचं असतं तर तिथल्या तिथे खोडून टाकलं असतं. ते अर्धं खरं आहे, आणि अडचणीत उपयोगी पडेल म्हणून आपण जी वस्तू घेतो तिच्याबद्दलचं अर्धं खरं मला जास्त अस्वस्थ करतं.

तो काय शोधत होता ते मला कळत होतं. मोठा फिक्स्ड ब्लेड, म्हणजे घडी न होणारा चाकू बहुतेक जण आधी भीतीपोटीच घेतात. अंधार पडला, पाऊस लागला, वाट हरवली, अशा वेळी कमरेला काहीतरी न मोडणारं असावं असं वाटणं अगदी साहजिक आहे, आणि ती भीती मलाही अजून वाटते. फक्त ती भीती नको त्या गोष्टीकडे बोट दाखवते. डोळ्यांसमोर जनावर येतं, झटापट येते. प्रत्यक्षात माणसाला बाहेर आधी गाठते ती थंडी. ओले कपडे, वारा, आणि अंगाचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं की हायपोथर्मिया सुरू, आणि त्यासाठी बर्फच लागतो असं नाही, पावसाळी वाऱ्याची रात्र पुरते. भटकणारे लोक एक ठोकताळा सांगतात, हवेशिवाय तीन मिनिटं, वाईट हवामानात निवाऱ्याशिवाय तीन तास, पाण्याशिवाय तीन दिवस, अन्नाशिवाय तीन आठवडे. आकडे ढोबळ आहेत पण क्रम बरोबर आहे. म्हणजे आधी आडोसा आणि आग. आणि बऱ्याच ठिकाणी या दोन्हीचा अर्थ एकच निघतो, लाकूड.

मोठ्या चाकूचं काम लाकडाशी आहे.

एवढं मनात पक्कं केलं की वजनाचा प्रश्न वेगळाच दिसायला लागतो. पातं जड होतं ते दोन कारणांनी, एक तर जाडीने नाहीतर लांबीने, आणि या दोन वजनांचं वागणं अगदी वेगळं असतं. लांब पात्यात वजन मुठीपासून दूर पुढे जातं. मनगट तेवढंच फिरलं तरी टोकाकडचा भाग जास्त वेगाने फिरतो, आणि घावातली ऊर्जा वस्तुमानाच्या सरळ प्रमाणात वाढते पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे बावीस-तेवीस सेंटीमीटरचं, जेमतेम पाच मिलिमीटर जाडीचं पातं फांदीत जे शिरतं ते पंधरा सेंटीमीटरच्या जाडजूड पात्याला जमत नाही, दोन्हींचं वजन तराजूत सारखं भरलं तरी. शिवाय जाड पातं लाकडात शिरताना स्वतःलाच अडवतं, दोन्ही बाजूंचं लाकूड बाजूला सारण्यातच घावाचा जोर संपतो. लाकूड उभं फोडताना मात्र हीच जाडी पाचरीसारखी कामाला येते, तिथे भाच्याचं वाक्य खरं आहे. पण त्याच चाकूने काडी तासायला जा, दोरी कापायला जा, धारेच्या मागे इतकं स्टील असतं की कापण्याऐवजी लाकूड चिरफाळतं. सहा मिलिमीटरच्या वरच्या चाकूंबद्दल माझं मत एवढंच, की ते मोडत नाहीत हे खरं, पण मोडणार नाही एवढ्यासाठी दिवसभर ते ओझं वागवायचं आणि प्रत्येक कापाला जादा जोर लावायचा, हा सौदा मला पटत नाही.

ज्यांचं रोजचं जगणं अशा पात्यांवर होतं त्यांनी काय निवडलं ते बघावं. स्कँडिनेव्हियाच्या उत्तर टोकाला रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांचा लेउकू नावाचा मोठा चाकू असतो, पातं साधारण वीस सेंटीमीटरचं किंवा थोडं जास्त, सरळ आणि अजिबात अवजड नाही, मूठ बर्च लाकडाची आणि शेवटाकडे रुंद होत गेलेली, म्हणजे जाड हातमोजे घालून हाणलं तरी हातातून निसटत नाही, आणि लाकडी असल्यामुळे कडाक्याच्या थंडीत धातूसारखी बोचतही नाही हाताला. बर्चच्या फांद्या तोडायच्या, जळण फोडायचं ते त्याने, आणि बारीक कामासाठी सोबत दुसरा छोटा चाकू. तिकडे मलायाच्या दमट जंगलांतला पारांग घ्या, तो आणखी लांब. त्याची धार बऱ्याचदा सगळीकडे सारखी नसते, मुठीजवळ पातळ, कोरीव कामासाठी, आणि पुढच्या फुगीर भागात घाव सोसेल अशी दणकट. अमेरिकेत १८८० च्या दशकात नेसमुक या टोपणनावाने जंगलभटकंतीवर लिहिणारे जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स, हे गृहस्थ अंगाने अगदी किरकोळ, ओझ्याचा हिशोब करणारे, ते सोबत ठेवायचे एक लहान दुधारी कुऱ्हाड, एक पातळ पात्याचा चाकू आणि एक खिशातला. बर्फाळ माळ, दमट जंगल, सरोवरांचा प्रदेश, तिन्हीकडची माणसं एकमेकांना कधी भेटली नसतील, पण ज्याने तोडायचं त्याला लांबी किंवा दांडा दिला आणि बारीक कामासाठी वेगळं पातळ पातं ठेवलं. सगळं एकाच जाड चाकूत कोंबायचा अट्टाहास यांच्यापैकी कुणीच केला नाही.

आता ज्या कामासाठी मला हा चाकू खरंच आवडतो ते सांगते.

दोन दिवस पाऊस पडून गेलाय, जमिनीवरचं सगळं सरपण चिंब, काटकी मोडली तर मोडतानाचा आवाजही येत नाही, नुसती वाकते. अशा वेळी उभं वाळलेलं, मनगटाएवढं जाड खोड शोधायचं, जमिनीवर पडलेलं नाही, उभं, कारण पडलेलं लाकूड खालून पाणी ओढत राहतं. त्याचा हातभर, म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंतचा तुकडा घ्यायचा, गाठ नसलेला. लांबी पात्याच्या हिशोबाने नाही, जाडी मात्र पात्याच्या हिशोबाने बघायची, चाकू आडवा ठेवल्यावर टोकाकडचं चार-पाच सेंटीमीटर पातं पलीकडे बाहेर राहिलंच पाहिजे, कारण नंतर घाव त्याच्यावर घालायचे असतात. तुकडा दुसऱ्या ओंडक्यावर उभा करायचा, थेट दगडावर कधीच नाही, कारण शेवटच्या घावाला पातं आरपार जातं आणि धार दगडावर बसते. धार वरच्या कापावर टेकवायची, मनगटाएवढ्या जाड दांडक्याने पाठीवर ठोकायचं. पहिले दोन-तीन ठोके बद्द वाजतात. पातं पूर्ण आत गेलं की बाहेर राहिलेल्या टोकावर ठोकायचं आणि त्याच वेळी मूठ जमिनीला समांतर राहील एवढाच दाब हाताने ठेवायचा, मूठ खाली-वर पिरगळायची नाही. मग आवाज बदलतो. तडकल्याचा एक कोरडा आवाज येतो आणि लाकूड उघडतं. बाहेरून काळं, ओलं, शेवाळलेलं, आणि आत फिकट पिवळसर, कोरडं, राळेचा वास असलेलं. मी दर वेळी तो आतला भाग गालाला लावून बघते, गालाला ओल बोटांपेक्षा लवकर कळते, त्यातही बोटं गारठलेली असली तर फारच. एवढ्या पावसात ही कोरडी जागा त्या खोडात सांभाळून ठेवलेली होती आणि तिथपर्यंत पोचायला वीतभर पातं पुरलं, याचं मला कितीही वेळा केलं तरी अप्रूप वाटतं.

पुढे तसंच पुन्हा फोडून चार फाका करायच्या, त्यांतली एक आणखी बारीक करायची आणि तिच्या कडेवरून पातळ, कुरळी सालपटं काढत जायची, पण पूर्ण सुटू द्यायची नाहीत, खाली तशीच चिकटलेली ठेवायची. याला फेदरस्टिक म्हणतात. मोठ्या चाकूने हे जमतं, धारेचा मुठीलगतचा भाग वापरायचा, कोपर सरळ ठेवून खांद्यातून ढकलायचं, मनगटाने खरवडायचं नाही. सालपट कागदाएवढं पातळ निघालं की ठिणगीवर पेट घेतं. ठिणगी पाडायला फेरो रॉड, म्हणजे खरवडल्यावर ठिणग्या सोडणारी मिश्रधातूची कांडी असेल तर चाकूची पाठ काटकोनात, कडेला तीक्ष्ण हवी. हा मिश्रधातू १९०३ साली ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी शोधला. त्याच्या किसाच्या ठिणग्या तीन हजार अंशांच्या आसपास तापतात. स्टील कुठलंही चालतं, स्टेनलेसही, फक्त कड हवी, कारण इथे चाकू रॉडला खरवडतो. गारगोटीचं गणित उलटं, तिथे गारगोटी स्टीलचे कण काढते आणि ते पेटतात, म्हणून तिथे हाय कार्बन स्टीलच लागतं. बऱ्याच चाकूंची पाठ दिसायला छान म्हणून गोलसर केलेली असते किंवा तिच्यावर जाड काळा रंग असतो. एका कडेचा तेवढा भाग कानशीने घासून घेतला तरी काम होतं.

आडोशासाठी कोवळी रोपं-फांद्या तोडताना मात्र जोर वापरायचीच गरज नसते, आणि हे कुणी दाखवल्याशिवाय सुचत नाही. अंगठ्याएवढी जाड फांदी एका हाताने वाकवायची, वाकल्यावर बाहेरच्या बाजूचे तंतू ताणले जातात, त्या ताणलेल्या बाजूवर धार तिरकी टेकवून नुसती दाबायची. फांदी अक्षरशः स्वतःहून तुटते. तीच फांदी सरळ उभी असताना हाणली तर चाकू उसळी मारून परत येतो. जाड लाकडावरही आडवा घाव घालायचा नाही, पंचेचाळीस अंशात एकदा इकडून एकदा तिकडून, म्हणजे ढलपी सुटते. आणि हिरवं झाड तोडायचं ते खरोखरच जिवावर बेतलं असेल तेव्हाच. सराव करायला वाळलेलं लाकूड पुष्कळ असतं.

मुठीबद्दल लोक फार कमी बोलतात, पात्याबद्दल सगळे बोलतात. मी उलटं करते. चाकू हातात आला की मी आधी डोळे मिटून मूठ धरते. बहुतेक मोठ्या चाकूंच्या मुठी माझ्या तळहातापेक्षा मोठ्या पंजासाठी घडवलेल्या असतात, बोटांसाठी खाचा दिल्या असतील तर त्या माझ्या बोटांच्या जागी कधीच येत नाहीत. खाचा नसलेली, मध्ये किंचित फुगीर, शेवटी आकड्यासारखी वळलेली मूठ कुणालाही चालते. त्या शेवटच्या वळणामुळे घाव घालताना मागच्या दोन बोटांनी आणि पुढच्या बाजूला अंगठा-तर्जनीने सैलसर धरता येतं आणि घाव बसायच्या क्षणालाच आवळता येतं. पूर्ण वेळ आवळून धरलं की पंधरा मिनिटांत कोपर बोलायला लागतं आणि तळव्याला फोड येतो. बाहेर असताना तळव्याला आलेला फोड ही किरकोळ गोष्ट नसते, पुढचे दोन दिवस तोच हात गाठी मारणार, तोच चढताना आधार घेणार. मटेरियलचं म्हणाल तर कॅनव्हास मायकार्टा मला आवडतं, कापडाचे थर रेझिनमध्ये दाबून केलेलं, ओलं झालं की पकड उलट वाढते. गुळगुळीत पॉलिश केलेला जी-टेन, म्हणजे काचेच्या तंतूंचे थर रेझिनमध्ये दाबून केलेला, दिसतो सुंदर पण पावसात मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही.

मुठीच्या आत काय आहे हे त्याहून महत्त्वाचं. पात्याचं स्टील मुठीच्या टोकापर्यंत पूर्ण रुंदीने गेलेलं असेल तर तो फुल टॅंग, आणि ठोकाठोकीसाठी मी तोच घ्या म्हणेन. मुठीत शिरताना स्टील एकदम अरुंद होत असेल आणि तिथला कोपरा गोल न करता काटकोनात कापला असेल तर ताण नेमका त्याच कोपऱ्यात साठतो आणि तडा तिथेच जातो. १९८० च्या दशकात पोकळ मुठीचे चाकू फार लोकप्रिय झाले होते, मुठीत काड्यापेटी, गळ, दोरा वगैरे, झाकणाला होकायंत्र. त्यातले स्वस्त नमुने मुठीशीच तुटायचे, कारण पातं आत जेमतेम एका नटवर धरलेलं. गळ-दोरा खिशातही मावतो हो. आणि पाठीवरचे ते दात. १९५० च्या दशकात अमेरिकन वैमानिकांसाठी जो सर्व्हायव्हल चाकू केला त्याच्या पाठीवर दात दिले ते पडलेल्या विमानाचा ॲल्युमिनियमचा पत्रा कापून बाहेर पडता यावं म्हणून. लाकूड कापायच्या करवतीचे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवलेले असतात म्हणून पातं अडकत नाही. चाकूच्या जाड पाठीवर ते शक्यच नाही, दोन सेंटीमीटर आत गेलं की रुतून बसतं. वर दांडक्याने ठोकायला गेलं तर ते दात दांडकं खात सुटतात. छोटी घडीची करवत याच्यापेक्षा हलकी आणि कितीतरी जास्त कामाची.

स्टीलवर वाद घालणारे रात्र-रात्र घालतात, मी त्यात फार रमत नाही. मोठ्या पात्याला कडकपणापेक्षा चिवटपणा जास्त हवा, एवढं धरून चाललं की पुष्कळ नावं आपोआप गळतात. कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर छप्पन ते अठ्ठावन्न ठीक, एकसष्ट-बासष्टचं लांब पातं गाठीवर बसलं तर धारेचा टवका जायची भीती. १०९५ नावाच्या स्टीलमध्ये कार्बन साधारण ०.९५ टक्के, धार सुरेख लागते, गंजही सुरेख लागतो. ५१६० हे ट्रकच्या पाट्यांचं स्प्रिंग स्टील, कार्बन ०.६ टक्क्यांच्या आसपास आणि थोडं क्रोमियम, मार खायला तयार. समुद्राकाठी किंवा सतत ओल्यात राहणार असाल तर साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलेलं स्टेनलेस घ्या आणि मनात किंतू ठेवू नका. नावापेक्षा पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून आणि थंड करून कडक कसं केलंय, ते महत्त्वाचं असतं, त्याच स्टीलचा एक चाकू वर्षानुवर्षं चालतो आणि दुसऱ्याची धार पहिल्याच गाठीवर गुंडाळते. आणि एकदा दिलेलं पाणी जाळात उतरतं. ही पाती साधारण दोनशे अंशांच्या आसपास टेंपर केलेली असतात, निखारे त्याच्या कितीतरी वर. त्यामुळे चाकूने निखारे उकरताना कुणी दिसलं की मी काठी पुढे करते.

एक गोष्ट मात्र आहे जी बोलताना माझा आवाज बदलतो असं घरचे म्हणतात. मांडीच्या आतल्या बाजूने फेमोरल धमनी जाते. बसून, गुडघे फाकवून, दोन पायांच्या मध्ये लाकूड धरून तासणं ही सगळ्यात आरामाची आणि सगळ्यात वाईट पद्धत, हात सटकला की पातं नेमकं तिकडेच जातं, आणि ती धमनी पूर्ण कापली गेली तर हातात मोजकी मिनिटं असतात. म्हणून एका गुडघ्यावर बसायचं, काम शरीराच्या बाहेरच्या बाजूला घ्यायचं, किंवा पाय जुळवून ते एका अंगाला वळवायचे. तोडताना घाव चुकला तर पातं कुठे जाईल हे आधी बघायचं, नडगी त्या रेषेत नको. हात पसरून गोल फिरलो तर जेवढी जागा व्यापतो तेवढ्या वर्तुळात कुणी उभं नको. अंधार पडल्यावर आणि हात बधिर झाल्यावर मोठं पातं म्यानात, कितीही काम राहिलेलं असो. सोबत टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा, आणि दाबपट्टी, तीही बॅगच्या तळाशी नको, एका हाताने काढता येईल अशी. जो चाकू आपल्याला सुरक्षित वाटावं म्हणून घेतो तोच त्या मुक्कामातली सगळ्यात धोकादायक वस्तू असतो. या दोन्ही भावना माझ्यात एकत्रच राहतात, एकीने दुसरीला हटवलेलं नाही आणि मला वाटतं हटवूही नये.

म्यानाचा विचार चाकूइतकाच करावा. उलटं धरून झटकलं तरी पातं पडायला नको, बसताना मूठ बरगडीत टोचायला नको, आणि तळाला पाणी निथळायला भोक हवं. कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लॅस्टिकचं म्यान ओलं होत नाही पण वाळूचे कण आत अडकले की दर वेळी पात्यावर ओरखडे. चामड्याचं म्यान आवाज करत नाही, कमरेला छान बसतं, प्रवासात मी तेच वापरते. पण चामडं ओल धरून ठेवतं आणि ते कमवताना वापरलेली द्रव्यंही स्टीलला खातात, त्यामुळे घरी आल्यावर हाय कार्बन पातं त्यात ठेवायचं नाही. आधी पुसून कोरडं, मग मिनरल ऑइलचा पातळ हात, म्यान वेगळं वाळत. वापराने पात्यावर करडा-निळसर थर चढतो तो घासून काढायचा नाही, तो लालसर गंजाला थोडाफार अडवतो. गंज लाल आणि बोटाला लागणारा असतो, तो दिसला की लगेच काढायचा. धार बोथट व्हायची वाट न बघता प्रत्येक मुक्कामी छोट्या दगडावर दोन्ही बाजूंनी थोडा हात फिरवला तर दोन-तीन मिनिटांत भागतं, मोठ्या पात्याला वीस ते पंचवीस अंशांचा कोन एका बाजूला पुरे, त्याहून बारीक केला तर गाठीवर दुमडतो. तपासायला नखावर हलकेच टेकवते, धार घसरली तर अजून बोथट आहे, चावून धरली तर झालं. भाच्याला मी हे सगळं एकदम सांगणार नाहीये. आधी माझा पातळ लांब चाकू आणि एक ओला ओंडका देणार आहे, नंतर तो काळा जाड चाकू आणि तसलाच दुसरा ओंडका. मग त्याला जो हवा तो त्याने घ्यावा.